आईबाबा, मियाजिमा आणि कार्पची मॅच: हिरोशिमात दोन दिवस

निशीकासाईकर

आईबाबा एप्रिलमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे तोक्योला आले. आसाकुसा, कामाकुरा, निक्को असं रीतसर सगळं झालं आणि मग एका संध्याकाळी बाबांच्या हाती टीव्हीचा रिमोट लागला. बाबांनी तीस वर्षं जिल्हा पातळीवर क्रिकेटची पंचगिरी केलीय. बेसबॉल पाहून त्यांचं पहिलं मत: "हे सगळे फुलटॉसच टाकतात की! टप्पा पडूच देत नाहीत." दुसरं मत: "बॅट टाकून पळतो. मग धावबाद नाही होणार तर काय?" आई आतून म्हणाली, "कळत नाही तर बघता कशाला?" त्या दिवसापासून बाबा रोज सहाच्या ठोक्याला टीव्हीपुढे.

मॅचची चार तिकिटं मी मार्चमध्येच काढून ठेवली होती, त्यांचा व्हिसा हातात यायच्या आधी. हिरोशिमा कार्प या बेसबॉल संघाच्या घरच्या सामन्यांची विक्री मोसमाच्या तोंडावर, मार्चच्या सुरुवातीला उघडते आणि शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा भराभर जातात. योकोहामा किंवा जिंगू ही जवळची मैदानं सोडून इतक्या लांब का, तर आईला हिरोशिमाला जायचंच होतं. "एवढ्या लांब आलोय, तर तिथे हात जोडून येऊ," हे ती साताऱ्याहून निघतानाच म्हणाली होती. आणि मैदान हिरोशिमा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. म्हटलं, दोघांचंही होऊन जाईल.

शनिवारी पहाटेची नोझोमी शिनकानसेन (बुलेट ट्रेन) पकडली. तोक्यो ते हिरोशिमा चार तास, माणशी एका बाजूचं भाडं वीस हजार येनच्या आसपास. "म्हणजे रुपये किती?" असं बाबांनी विचारल्यावर मी खिडकीतून फुजी दाखवला.

हिरोशिमाला उतरून तसेच लोकलने मियाजिमागुचीला गेलो, अर्धा तास लागतो. पुढे मियाजिमा बेटापर्यंत दहा मिनिटांची फेरीबोट. २०२३ च्या ऑक्टोबरपासून बेटावर जाणाऱ्याला शंभर येन कर आहे, तो फेरीच्या तिकिटातच घेतात. जेआर या रेल्वे कंपनीची फेरी दिवसा पाण्यातल्या लाल तोरीच्या (देवळाच्या दाराच्या) जवळून वळसा घेते, त्यामुळे डेकवर उजवीकडे उभं राहा. सोळा मीटर उंचीचं हे लाकडी महाद्वार जमिनीत पुरलेलं नाही, स्वतःच्या वजनावर उभं आहे. आत्ताचं १८७५ सालचं. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती, परतताना ओहोटी, त्यामुळे तेच दार एकदा पाण्यात आणि एकदा चिखलात पाहायला मिळालं. चिखलातलं जास्त आवडलं. खाली जाऊन खांबाला हात लावता येतो, आणि खालच्या बाजूला चिकटलेले शिंपले पाहिले की ते जिवंत समुद्रात उभं आहे हे कळतं. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा, त्यावर सगळा दिवस अवलंबून आहे.

तोरीमागच्या इत्सुकुशिमा देवळाशेजारी दाइगानजी नावाचं लहानसं मंदिर आहे, बहुतेक लोक समोरून निघून जातात. तिथली देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. जपानातल्या तीन मोठ्या बेन्झाइतेनांपैकी ही एक. आईला सांगितल्यावर तिने पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली. ती तोक्योपासून सोबत होती हे मला माहीतच नव्हतं. कुंकू वाहू दिलं नाही (मी), पण नमस्कार यथासांग झाला. मग हरणाने बाबांच्या खिशातला फेरीचा नकाशा खाल्ला. मिसेन डोंगर रोपवेने करता येतो, आम्ही बाबांच्या गुडघ्यांमुळे सोडला.

रविवारी सकाळी दार उघडायच्या वेळेलाच शांतता संग्रहालयात. तिकीट फक्त २०० येन. यावर फार लिहिणार नाही. तीन वर्षांच्या एका मुलाची जळालेली तिचाकी आहे, सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आहे. आई बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग चौघं नदीकाठाने अणुबॉम्बनंतरही उभ्या राहिलेल्या इमारतीच्या घुमटाकडे चालत गेलो. मोतोयासु नदीच्या काठावर गांधीजींचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, २०२३ च्या मे महिन्यात तिथे बसवलेला. शिल्पकार राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातले. बाबा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "धुळ्याच्या माणसाचं काम बघायला हिरोशिमाला यावं लागलं." सकाळपासूनचं ते पहिलं वाक्य.

तिथून ट्राम. २०२५ च्या ऑगस्टपासून ट्राम पुलावरून थेट स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यावर शिरते, मजाच वाटते. स्टेशनातून बाहेर पडलं की लाल शर्ट घातलेल्या माणसांमागून चालायला लागायचं. रस्ता विचारावा लागत नाही. आजीपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे लाल. वाटेतलं लॉसन साखळीचं एक दुकानही निळ्याऐवजी लाल रंगवलंय.

मैदानाचं नाव माझदा स्टेडियम, २००९ मध्ये उघडलेलं, साधारण तेहतीस हजार माणसं बसतात. खरं हिरवं गवत. आमच्या जागा पहिल्या बेसच्या बाजूला. समोर डावीकडे प्रेक्षागृह मुद्दाम मोकळं सोडलंय, तिथून मॅच चालू असताना शिनकानसेन जाताना दिसते. आणि आतून सबंध मैदानाला फेरी मारता येईल असा रुंद रस्ता आहे, चालता चालता खेळ दिसतच राहतो. ज्याला एका जागी बसवत नाही अशा माणसासाठी (बाबा) फार सोयीचं.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की ढोल, ट्रम्पेट आणि हजारो माणसं एका सुरात. कार्पवाल्यांची खास गंमत म्हणजे एक गट उभा राहतो तेव्हा दुसरा बसतो, मग उलट, तालात. उठाबशाच. आपली बॅटिंग संपली की सगळे खाली बसून डबे उघडतात, आणि मग पाहुण्या संघाच्या चाहत्यांची पाळी. त्यांना डाव्या बाजूला कोपऱ्यात वेगळी जागा दिलेली असते. त्या दिवशी समोर याकुल्ट स्वालोज होते. त्यांची धाव झाली की ते लोक छोट्या छत्र्या उघडून नाचवतात. बाबा आधी आभाळाकडे बघायला लागले, मग माझ्याकडे.

आईने तिसऱ्या डावापासून उठाबशा सुरू केल्या. अडुसष्ट वर्षांची बाई. शेजारच्या आजींनी तिला प्लास्टिकच्या दोन छोट्या बॅटी दिल्या, आपटून आवाज करायच्या. दोघींना एकमेकींची भाषा शून्य. पाचव्या डावापर्यंत आईच्या डब्यातली दशमी आजींकडे आणि आजींचं मोमिजी मान्जू (तिथली मिठाई) आईकडे.

कार्प हरले. कुणी बाटल्या फेकल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, कचरा आपापल्या पिशवीत घालून घरी गेले. संध्याकाळच्या नोझोमीने आम्हीही परत. तोक्योची शेवटची नोझोमी आठच्या आसपास सुटते, तेवढं लक्षात ठेवा. जादा डाव लागले तर जीव टांगणीला लागतो.

अंजिरी

जळजळ झाली, इनो घेतला. शाकाहारी माणसाचं स्टेडियमवर काय होतं ते सांगा ना. आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देतात?

निशीकासाईकर

नेऊ देतात. बाटल्या आणि कॅन आत चालत नाहीत. दारात कागदी पेले ठेवलेले असतात, त्यात ओतून घ्यायचं. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्या तपासणीतून सुखरूप आली. तिथला कार्प उदोन फार प्रसिद्ध आहे, जुन्या मैदानापासूनचा. पण रस्सा माशाच्या अर्काचा असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नुसता वास घ्यावा. बटाट्याचे फ्राइज आणि उकडलेल्या एदामामेच्या शेंगा मिळतात.

शनिवारी रात्री ओकोनोमियाकी खाल्लं. हिरोशिमाचं ओसाकासारखं कालवलेलं नसतं. खाली पातळ धिरडं, त्यावर कोबीचा डोंगर, मग नूडल्स, शेवटी अंडं, असे थर. "निकु नाशी" म्हटलं की मांस घालत नाहीत, "कात्सुओबुशी नाशी" हेही लगेच म्हणायचं, नाहीतर वरून माशाचा कीस पडतो आणि गरम वाफेवर हलायला लागतो. आईने तो शेजारच्या ताटात पाहिला आणि विचारलं, "हे जिवंत आहे का?"

बिअर विकणाऱ्या मुली पाठीवर आख्खं पिंप घेऊन पायऱ्या चढतात-उतरतात. हात वर केला की येतात. त्यांच्याकडे पाहून आईचा जीव हळहळला. बाबांचा नाही.

शेततळं_इंदापूर

कार्प म्हणजे आमच्या शेततळ्यात सोडतात तोच का? रोहू, कटला हे भारतीय मेजर कार्प. संघाला माशाचं नाव द्यायचं तर निदान सुरमई तरी द्यायची.

सेतोउची

@शेततळं_इंदापूर, हसू नका, हिरोशिमाच्या किल्ल्याचं टोपणनावच कार्पचा किल्ला आहे, रिजो. तिथून नाव आलं.

मी हिगाशी-हिरोशिमात पीएचडीला पाच वर्षं होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. बाकीच्या संघांच्या नावात कंपन्या दिसतात: योमिउरी, हानशिन, याकुल्ट, सॉफ्टबँक. कार्प सुरू झाला तेव्हा मागे मोठी कंपनीच नव्हती. स्थापना १९४९ ची, लीगमध्ये १९५० पासून. बॉम्ब पडून पाच वर्षंही झाली नव्हती. दुसऱ्याच मोसमात पगाराला पैसे नाहीत आणि संघ दुसऱ्या संघात विलीन करायची वेळ आली. तेव्हा व्यवस्थापक इशिमोतो शुइची यांनी लोकांपुढे हात पसरले आणि मैदानाच्या दारात साकेची पिंपं ठेवली गेली. येणारा-जाणारा त्यात नाणी टाकायचा. तारु-बोकिन म्हणतात त्याला, पिंपातला निधी. ज्यांची स्वतःची घरं अजून पत्र्याची होती त्या लोकांनी संघ जगवला. पुढे माझदाचं मोटार कुटुंब मालकीत आलं, पण लोक आजही आपला संघ म्हणतात तो याच अर्थाने.

पहिलं विजेतेपद १९७५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षं थांबून. लाल टोपी त्याच वर्षीची. नंतर १९९१ च्या विजेतेपदानंतर पुन्हा पंचवीस वर्षं काही नाही, आणि मग २०१६, १७, १८ सलग तीन. २०१६ ला मी तिथे होतो. रात्री अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांना टाळ्या देत चालली होती.

अंजिरी

पंचवीस वर्षं! आरसीबीवाल्यांनी वाचावं.

रानवारा

लेख छान. एक मात्र खटकलं, राग नसावा. सकाळी ती तिचाकी पाहायची आणि दुपारी दीड वाजता ढोल-ट्रम्पेटवर उठाबशा काढायच्या? मला हे जमलं नसतं. मी २०१८ मध्ये तिथे गेले होते, त्या दिवशी रात्री जेवणही गेलं नाही. सहलीच्या वेळापत्रकात बसवायची ही जागा नाही असं माझं मत.

निशीकासाईकर

@रानवारा, राग कसला. आदल्या रात्री हॉटेलात आम्ही यावरच वाद घातला. बायकोचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, संग्रहालय शनिवारी आणि मियाजिमा रविवारी करू. पण रविवारच्या भरतीच्या वेळा जुळत नव्हत्या. कारण एवढंच, उगाच मोठं कारण सांगत नाही.

पण तिथे गेल्यावर एक गोष्ट घडली. घुमटासमोर रस्ता ओलांडला की मोठं मोकळं पटांगण आहे, मुलं खेळत होती, कॉफीची दुकानं. कडेला जुन्या प्रेक्षागृहाचा एक तुकडा, काही बाकांच्या रांगा तशाच ठेवलेल्या. मी पाटी वाचली. कार्पचं जुनं मैदान तिथेच होतं, १९५७ पासून, नवीन होईपर्यंत. घुमटाच्या अगदी समोर! पन्नास वर्षं लोक तो घुमट पाहात पाहात मॅचला जात-येत होते. आई म्हणाली, "मग त्यांना जमलं तर आपल्याला जमायला काय झालं?"

रानवारा

त्यांना जमतं कारण ते त्यांचं आहे. आपण पाहुणे. आईंचं म्हणणं कळलं, तरी मी संग्रहालयासाठी एक दिवस मोकळाच ठेवीन.

सेतोउची

@रानवारा, यात तुमच्या बाजूनेही थोडं बोलतो. ६ ऑगस्टला हिरोशिमात कार्पचा सामना होतच नसे. १९५८ नंतर थेट २०११ मध्ये त्या तारखेला घरच्या मैदानावर सामना ठेवला गेला. म्हणजे गावालाही ते ठरवायला अर्धशतक लागलं. २०१५ च्या ६ ऑगस्टला सगळ्या खेळाडूंनी एकच क्रमांक घातला होता, ८६. आठवा महिना, सहा तारीख. मी स्टँडमध्ये होतो. गाणी नेहमीसारखीच चालू होती.

आणि निशीकासाईकर, पुन्हा कधी ट्रामने गेलात तर क्रमांक ६५१ किंवा ६५२ शोधा. या दोन्ही बॉम्बच्या तडाख्यात सापडलेल्या गाड्या आहेत, दुरुस्त होऊन अजून धावतात. बहुधा सकाळच्या गर्दीच्या वेळी दिसतात.

जोशीकाकू_ठाणे

एक गोष्ट कुणीच कशी सांगितली नाही! जपानीत जोशी म्हणजे मुली, बायका. कार्पच्या बायका-चाहत्यांना तिकडे "कार्प जोशी" म्हणतात, आणि २०१४ मध्ये हा शब्द वर्षातल्या गाजलेल्या दहा नव्या शब्दांत आला होता. माझी सून ओसाकाला असते, तिने सांगितलं तेव्हापासून आमच्या घरात मीच अधिकृत कार्प जोशी. ह्यांना मात्र ते पद मिळणार नाही.

शेततळं_इंदापूर

काकू __/\__ सुरमई मागे घेतो.

प्रवासी_पक्षी

आम्ही दोघं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून जातोय, सात दिवसांचा जेआर पास घेतोय. मॅच मिळेल का? आणि पासवर नोझोमी चालते?

निशीकासाईकर

पासवर नोझोमीला वरचे पैसे भरावे लागतात. ते टाळायचे तर हिकारी आणि साकुरा या गाड्यांनी या, शिन-ओसाकाला बदलून. मियाजिमाची जेआर फेरी पासवर चालते, शंभर येनचा कर तेवढा वेगळा. ऑक्टोबरमध्ये नियमित मोसम संपतच आलेला असतो, पावसाने बुडालेले सामने शेवटी ढकललेले असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा आणि मग हॉटेल. छप्पर फारसं नाही. मांडीवर ठेवायला पोंचो घ्या, छत्री उघडली की मागच्याचा खेळ बुडतो.

गल्लीतला_गावसकर

एक मूलभूत शंका. मला या खेळात काहीच होत नाही असं वाटतं. चेंडू, चेंडू, चेंडू, कुणी मारतच नाही. तुमच्या बाबांना नक्की काय आवडलं?

निशीकासाईकर

विचारलं. ते सांगताहेत, मी टंकतोय. मधे बोलायचं नाही अशी ताकीद आहे.

"फलंदाजाकडे बघू नका. त्याला दहात तीन वेळा जमलं तरी इथे तो मोठा खेळाडू. म्हणजे सात वेळा मान खाली घालून परत जायचं आणि पुन्हा यायचं. मी मागे उभ्या असलेल्या पंचाकडे बघतो. आपल्याकडे पायचीतचं अपील दिवसात दहा-वीस वेळा होतं आणि तेवढ्यानं रात्री झोप येत नाही. याला फलंदाजाने सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर तेच ठरवायचं असतं, चौकोनाच्या आत होता की बाहेर. दोन्ही संघांचे मिळून अडीचशेच्या वर चेंडू पडतात. यष्ट्या नाहीत, टप्पा नाही. चौकोन फक्त ह्याच्या डोक्यात. आणि अपिलाची वाट बघत नाही, आपण होऊन हात वर करतो. आपल्याकडे कुणी ओरडलं नाही तर बाद असूनही बाद देता येत नाही, ते मला तीस वर्षं खुपत होतं. फक्त बॅट अर्धी फिरली की पुरती, एवढंच तो बाजूच्या पंचाला विचारतो. आपला स्क्वेअर लेगवाला, तसं."

एवढं बोलून चहा मागितला.

गल्लीतला_गावसकर

काकांना दंडवत. असा कधी विचारच केला नव्हता. आज पुन्हा लावून बघतो.

जोशीकाकू_ठाणे

आईंचंही मत घ्या की. नेहमी बाबाच बोलतात धाग्यांवर.

निशीकासाईकर

आई म्हणते, पुढच्या वेळी आजींसाठी जास्त दशम्या न्यायच्या. पत्ता घेतलेला नाही, नावही नाही, पण तिचा ठाम विश्वास आहे की आजी त्याच जागेवर असतील. त्या प्लास्टिकच्या बॅटी तिने परत केल्या नाहीत, आजींनी घेतल्याच नाहीत. सध्या कुकरची शिट्टी झाली की त्या वाजतात.

बाबा पुढच्या शनिवारी परत जाताहेत. त्यांनी इथल्या पंचांच्या सगळ्या खुणा चित्रं काढून एका वहीत उतरवल्यात, प्रत्येकीशेजारी क्रिकेटची खूण. साताऱ्याच्या पोरांना दाखवायला. वहीचे फोटो इथे टाकू का?

सेतोउची

विचारता काय, टाका. अर्धी फिरलेली बॅट पहिली टाका.